परकीय कंपनी आली म्हणजे हायटेक क्लस्टर झाला का? करारात नेमकं काय असावं?

आराखडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. औद्योगिक धोरणावरच्या एका टिपणासाठी हा धागा काढतोय.

सेमीकंडक्टर, इलेक्ट्रॉनिक्स, वैद्यकीय उपकरणं अशा क्षेत्रांत सरकारं मोठ्या परदेशी कंपनीला जमीन, करमाफी आणि भांडवली अनुदान देऊन आणतात. बाकीचा क्लस्टर, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या उद्योगांचा समूह, तिच्याभोवती आपोआप उभा राहील, असं गृहीत धरलेलं असतं. काही ठिकाणी तो राहिला. पण बऱ्याच ठिकाणी कुंपणाच्या आत चकचकीत कारखाना आणि बाहेर पडीक जमीन, एवढंच झालं. माझे प्रश्न:

१. सवलत कोणत्या रूपात द्यावी? करमाफी, रोख अनुदान की आणखी काही?
२. कंपनीनं शब्द पाळला नाही तर पैसे कसे वाचवायचे?
३. स्थानिक पुरवठादारांना काम मिळावं अशी अट जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसते का?
४. पाणी, वीज, सांडपाणी यांत सगळ्यात जास्त कुठे अडतं?

'कौशल्यविकास हवा', 'एक खिडकी हवी' हे सगळ्या अहवालांत असतंच, ते नको. कलमं, आकडे आणि कुठे काय बिनसलं ते लिहा.

---

कलमकार

दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

अनुदान परत वसूल करायचं कलम हवंच, पण ते शेवटचं हत्यार. एकदा गेलेला पैसा परत आला तरी वर्षानुवर्षं कोर्टात फिरून येतो. त्यापेक्षा काम दिसेल तसा पैसा सोडावा. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला बरोबरीनं पैसा टाकण्याचा. कंपनीनं खर्च केला, तपासणीत तो दिसला, की सरकारचा हिस्सा ठरलेल्या प्रमाणात सुटतो. भारताच्या सेमीकंडक्टर योजनेत केंद्राची ५० टक्के मदत अशीच आहे. साणंदच्या मायक्रॉन या अमेरिकन चिप कंपनीच्या प्रकल्पात २.७५ अब्ज डॉलरपैकी ५० टक्के केंद्र, २० टक्के गुजरात आणि कंपनीचे स्वतःचे ८२.५ कोटी डॉलरपर्यंत, अशी वाटणी जाहीर झाली. सार्वजनिक पैसा ७० टक्के असताना सरकारनं आपला हिस्सा आधी मोकळा केला, तर कंपनीच्या खिशाला झळ बसेल असं काही उरतच नाही.

दुसरा मार्ग निकाल दिसल्यावर देण्याचा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी केलेल्या कराराची भरपूर टिंगल झाली, पण राज्याचा कागद तसा वाईट नव्हता. १० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३,००० नोकऱ्या यांच्या बदल्यात सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती होत्या, आणि त्यातला बहुतेक भाग नोकऱ्या आणि भांडवली खर्च प्रत्यक्ष दिसल्यावरच मिळणार होता. २०१९ अखेर किमान ५२० पात्र नोकऱ्या हव्या होत्या. राज्याच्या मोजणीत २८१ भरल्या, आणि राज्यानं क्रेडिट (करातली सूट) नाकारलं. २०२१ मध्ये करार आक्रसला: ६७.२ कोटी डॉलर, १,४५४ नोकऱ्या, ८ कोटी डॉलरची सवलत.

पोळलं ते खालच्या पातळीवर. कारखान्याचं माउंट प्लेझंट गाव आणि तिथली काउंटी (जिल्हा) यांनी जमीन, रस्ते, जलवाहिन्या यांवर कर्ज काढून आधीच खर्च केला होता. कारखाना बांधला नाही तरी १.४ अब्ज डॉलर एवढ्या किमान मूल्यावर मालमत्ता कर भरायचा, असं कलम त्यांनी घालून घेतलं होतं म्हणून ते पार बुडाले नाहीत. राज्य किंवा केंद्र टप्प्याटप्प्यानं देतं आणि स्थानिक संस्था सगळं एकदम खर्चून बसते, ही विसंगती बहुतेक करारांत सापडते. बाहेरच्या पायाभूत कामांनाही किमान कराची किंवा किमान पाणी-वीज आकाराची हमी हवी.

आता ज्या चार जागी हमखास फसवणूक होते त्या सांगतो.

करार कोणाशी, हे आधी पहा. सही करणारी असते ती नव्यानं काढलेली उपकंपनी, जिच्या नावावर भाडेपट्टा आणि खुर्च्या यांपलीकडे काही नसतं. तिच्याकडून वसुली कशाची करणार? पालक कंपनीची हमी आणि यंत्रांवर सरकारचा बोजा, दोन्ही हवेत. बँका पहिला बोजा मागतातच. सरकारचा दुसरा क्रमांक आला तरी चालेल, पण तो नोंदलेला हवा.

'नोकरी' म्हणजे काय, याची व्याख्या. कंत्राटी कामगार धरायचे का, किमान वेतन किती, आणि मोजणी कधी. ३१ डिसेंबरला मोजणी ठेवली की नोव्हेंबरात भरती होते. म्हणून बारा महिन्यांची सरासरी घ्या आणि वेतनाच्या नोंदींवरून पडताळा.

वापरलेली यंत्रं. पालक कंपनीच्या जुन्या कारखान्यातली यंत्रं उचलून नव्या ठिकाणी पाठवायची आणि बीजकावर किंमत फुगवायची, की पात्र भांडवली खर्च बसल्या जागी वाढतो. जुन्या यंत्रांना एकूण पात्र खर्चात कमाल मर्यादा घाला. मूल्यांकन सरकारनं नेमलेल्या अभियंत्याकडून करा, आणि उरलेलं आयुष्य कागदावर लिहून घ्या.

चौथी जागा मुदतीची. यंत्र बसलं आणि अनुदान संपलं असं नको, उत्पादन किती वर्षं चालू ठेवायचं ते बांधून घ्यावं. जपाननं कुमामोतोच्या टीएसएमसी या तैवानी चिप कंपनीच्या प्रकल्पाला पहिल्या टप्प्यात ४७६ अब्ज येनपर्यंत मदत दिली, त्यात किमान दहा वर्षं उत्पादन चालू ठेवायची अट आहे.

---

करगणित

पहिल्या प्रश्नावर. करमाफीचं गणित आता बदललंय आणि बरीच धोरणपत्रं अजून जुन्याच हिशोबावर चालतात.

७५ कोटी युरो किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय गटांना १५ टक्के किमान कराचा नियम लागू होतो. तुम्ही कर माफ केला तर फरकाची रक्कम पालक कंपनीचा देश किंवा गटातला दुसरा देश वसूल करू शकतो. कंपनीच्या हातात फारसं काही पडत नाही, तुमची तिजोरी मात्र रिकामी होते.

सोपे आकडे घेऊ, पगार आणि मालमत्तेवर मिळणारी वजावट बाजूला ठेवून. नफा १००, कराचा दर १५ टक्के, तुम्हाला १० ची मदत करायची आहे.

ती कर कमी करून दिली: कर उरला ५, प्रभावी दर ५ टक्के, १५ पर्यंतचा फरक १० दुसरीकडे भरावा लागला. कंपनीला मिळाले शून्य.

तीच मदत चार वर्षांच्या आत रोखीत परत मिळू शकेल अशा क्रेडिटच्या रूपात दिली: नियमांत ती करकपात न मानता उत्पन्न मानतात. उत्पन्न ११०, कर १५, प्रभावी दर १३.६ टक्के, वरचा भरणा १.५. कंपनीकडे ८.५ उरले.

थेट अनुदानही उत्पन्नातच धरलं जातं, त्यामुळे निकाल तोच. क्रेडिट हवं असेल तर 'चार वर्षांत रोख परतावा' हे शब्द कायद्यातच घाला. परिपत्रकात घातले तर कंपनीचे लेखापरीक्षक मान्य करणार नाहीत. शिवाय स्वतःचा देशांतर्गत किमान पूरक कर लावा, म्हणजे फरक गोळा करायचाच झाला तर तो निदान तुमच्याकडे येईल. आणि पालक कंपनी कुठली ते पाहून घ्या. जून २०२५ मध्ये जी-७ देशांनी अमेरिकन पालक कंपन्यांच्या गटांना या नियमांच्या काही भागांतून वगळायचं मान्य केलं. देशांतर्गत पूरक कर त्यातून सुटत नाही.

छोट्या कंपन्यांना यातलं काहीच लागू नाही. क्लस्टरमधल्या दुसऱ्या फळीच्या पुरवठादारांना साधी करसवलत अजूनही तितकीच उपयोगी आहे, आणि नेमकी त्यांनाच ती कोणी देत नाही.

---

सुटे_भाग

तिसरा प्रश्न. 'अमुक टक्के माल इथलाच घ्या' अशी अट घालून त्यावर अनुदान देणं सरळ नियमबाह्य आहे. गुंतवणुकीविषयीच्या ट्रिम्स कराराखालीही आणि अनुदानविषयक कराराखालीही. निर्यातीशी जोडलेल्या अनुदानाचंही तेच. भारताच्या सौर योजनेतल्या देशी सेलच्या अटीवर अमेरिकेनं दावा लावला आणि २०१६ मध्ये अपिलातही भारत हरला. 'हा उत्पादनटप्पा या आवारात करा' ही अट 'इथला माल घ्या' यापेक्षा तुलनेनं सुरक्षित. प्रशिक्षण, चाचणी प्रयोगशाळा आणि पुरवठादाराला थेट मदत यांना तर ही अडचणच येत नाही.

पण खरं अडतं ते कायद्यात नाही, खरेदी विभागात. परदेशी कारखान्याच्या स्थानिक व्यवस्थापकाला पुरवठादार बदलायचा अधिकार बहुधा नसतोच. इंटेलमध्ये 'कॉपी एक्झॅक्टली' नावाची पद्धतच आहे: एका कारखान्यात बसलेली प्रक्रिया दुसऱ्यात यंत्र, रसायन, पाइपच्या लांबीपर्यंत जशीच्या तशी उतरवायची. अशा ठिकाणी मंत्र्यांनी स्थानिक व्यवस्थापकाला कितीही चहापान दिलं तरी प्रक्रियेत जाणारं रसायन बदलणार नाही. तो निर्णय मुख्यालयात होतो, तोही नव्या पिढीची प्रक्रिया ठरत असताना. ती वेळ हुकली की पुढच्या पिढीपर्यंत थांबा.

म्हणून सुरुवात प्रक्रियेला न चिकटणाऱ्या वस्तूंपासून करावी. जिग, फिक्स्चर, ट्रे, डाय, यंत्रांच्या सुट्या भागांची सफाई आणि लेपन, कॅलिब्रेशन, स्थितिक विजेपासून वाचवणारं पॅकिंग. मलेशियातल्या पेनांगचे आजचे अचूक अभियांत्रिकीवाले याच दारातून आत शिरले. १९७२ मध्ये बायान लेपासला मुक्त व्यापार क्षेत्र झालं, त्याच वर्षी इंटेल आलं, आणि असेंब्लीला लागणारी साधी हत्यारं बनवणारी वर्कशॉपं हळूहळू स्वयंचलित यंत्रं बनवू लागली. दोन दशकं लागली. निवडणुकीच्या वेळापत्रकात न बसणारा हा आकडा आहे.

सरकारनं मदत कशी करावी याचा मला सगळ्यात पटणारा नमुना सिंगापूरचा १९८६ चा स्थानिक उद्योग सुधार कार्यक्रम. बहुराष्ट्रीय कंपनीनं आपला एक अनुभवी अभियंता पूर्णवेळ स्थानिक पुरवठादारांसाठी मोकळा करायचा आणि त्याचा पगार आर्थिक विकास मंडळानं भरायचा. ज्यानं माल नाकारला असता तोच माणूस नाकारलं का जाईल हे आधी सांगतो. खर्च एका पगाराचा. शिवाय 'देशी माल घ्या' अशी अटही नाही.

नव्या पुरवठादाराच्या वाटेत काय काय येतं? आधी गुणवत्ता पद्धतीचं ऑडिट, मग पहिल्या नगाची संपूर्ण मापतपासणी, मग नमुना खेप, मग मर्यादित खेपा, आणि त्यानंतर मोठी ऑर्डर. वर्ष-दीड वर्ष सहज जातं आणि त्या काळात उत्पन्न जवळजवळ नसतं. बहुतेक लहान कारखाने इथे गळतात. नग बिघडला म्हणून क्वचितच, बहुधा खेळतं भांडवल संपलं म्हणून. पुढे ऑर्डर मिळाली तरी बिलं नव्वद दिवसांनी. त्यामुळे यंत्रखरेदीला अनुदान देण्यापेक्षा दोन गोष्टी जास्त कामी येतात: कंपनीनं मान्य केलेल्या बिलावर लगेच पैसे देणारी सोय, आणि त्रिमितीय मापनयंत्र असलेली सामाईक प्रयोगशाळा, जिचा अहवाल खरेदीदार मान्य करेल. 'मान्य करेल' हे महत्त्वाचं. प्रयोगशाळा उभारण्याआधी खरेदीदाराच्या गुणवत्ता विभागाकडून मान्यतेच्या अटी लेखी घ्या, नाहीतर यंत्र धूळ खात पडतं.

प्रशिक्षणालाही हेच लागू. १९८९ च्या पेनांग कौशल्य विकास केंद्रात जागा राज्याची, पण यंत्रं आणि प्रशिक्षक कंपन्यांचे, आणि कोणता अभ्यासक्रम चालवायचा हे ठरवणारेही कंपन्यांचेच लोक. स्पर्धक कंपन्या एका टेबलाशी बसल्या, कारण एकट्यानं माणूस शिकवला की शेजारी पळवतो.

---

शुद्ध_पाणी

चौथा प्रश्न, फक्त चिप कारखान्यापुरता.

पाणी: 'रोज इतके दशलक्ष लिटर उपलब्ध' या ओळीवर कोणी विश्वास ठेवू नये. १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोधकतेचं अतिशुद्ध पाणी करायला साधारण १.४ ते १.६ पट कच्चं पाणी लागतं. खरा खेळ हंगामी स्थिरतेचा असतो. पावसाळ्यात गढूळपणा आणि उन्हाळ्यात सिलिका, सेंद्रिय कार्बन, युरिया वाढतात. युरिया तर नेहमीच्या गाळणीतून आणि आयन विनिमयातून सरळ निसटतो. निदान एका पूर्ण वर्षाचं, महिन्याला किमान दोनदा घेतलेल्या नमुन्यांचं विश्लेषण असल्याशिवाय जागा पक्की करू नका. २०२१ च्या दुष्काळात तैवाननं कारखान्यांचं पाणी टिकवायला सिंचन थांबवलं, तरी टीएसएमसीनं टँकर लावले. शेतकऱ्यांना भरपाई दिली गेली, पण हा तंटा आधीच लिहून ठेवायचा असतो: टंचाईत कोणाची कपात आधी, किती टक्के, भरपाई कोण देणार.

वीज: वीज जाणं समजतं. कागदावर जे दिसत नाही ते म्हणजे क्षणिक दाब उतरणं. सेमी या चिप उद्योगाच्या संघटनेच्या एफ४७ मानकानुसार यंत्रानं दाब ५० टक्क्यांवर आला तर ०.२ सेकंद, ७० टक्क्यांवर ०.५ सेकंद आणि ८० टक्क्यांवर १ सेकंद तग धरायला हवा. यापलीकडचा झटका बसला की यंत्र थांबतं आणि आतले वेफर, म्हणजे ज्यांवर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, भंगारात. म्हणून 'चोवीस तास वीज' या शब्दांऐवजी उपकेंद्रावर दाबाची नोंद ठेवणारा मीटर वर्षभर लावा आणि झटक्यांची यादी गुंतवणूकदारापुढे ठेवा. एकाच टॉवरवरून आलेले दोन फीडर म्हणजे एकच फीडर, हेही कोणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससच्या थंडीच्या लाटेत सॅमसंगचा ऑस्टिन कारखाना बंद करावा लागला. पूर्ववत व्हायला महिन्याहून जास्त लागला आणि नुकसानीचा कंपनीचा अंदाज ३०० ते ४०० अब्ज वॉनचा होता.

सांडपाणी: सर्वसाधारण वसाहतीचं सामाईक शुद्धीकरण केंद्र सेंद्रिय भार कमी करायला बांधलेलं असतं. हायड्रोफ्लोरिक आम्लातला फ्लोराइड त्यातून तसाच पार जातो. चुना टाकून कॅल्शियम फ्लोराइडचा साका काढता येतो, पण त्यानं साधारण १० ते २० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतच उतरतो. खाली न्यायचं तर आणखी एक टप्पा लागतो. शिवाय तो प्रवाह इतर सांडपाण्यात मिसळण्याआधी वेगळा काढावा लागतो, म्हणजे स्वतंत्र पाइप, आणि तो जमिनीखाली जाण्याआधी ठरवायचा. नंतर रस्ते उकरून हे करणं म्हणजे दुप्पट खर्च.

कंपनं हा विषय तर यादीतच नसतो. दक्षिण तैवानच्या ताइनानमधल्या विज्ञान उद्यानातून जलदगती रेल्वेचा मार्ग जातो. चिप कारखान्यांना कंपनांची भीती वाटली आणि पाया व मार्ग यांवर कंपन कमी करायची कामं करावी लागली. रेल्वे एका खात्याची, उद्यान दुसऱ्या खात्याचं.

---

जुने_दप्तर

कलमकार यांच्याशी थोडा मतभेद आहे. कलमं हवीत, पण घट्ट कलमांमुळे क्लस्टर झाल्याचं एकही उदाहरण मला माहीत नाही. जिथे झाला तिथे परदेशी कंपनी येण्याआधी किंवा निदान तिच्याबरोबरच, शिकू शकणारी संस्था उभी होती.

तैवानमध्ये औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था १९७३ मध्ये निघाली. १९७६ मध्ये तिनं आरसीए या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडून चिप बनवायचं तंत्रज्ञान विकत घेतलं, ७ मायक्रॉनचं, तेव्हाही जुनंच. करारात परवान्याइतकंच वजन प्रशिक्षणाला होतं. अभियंत्यांच्या तुकड्या अमेरिकेत गेल्या आणि परतल्यावर १९७७ मध्ये प्रात्यक्षिक कारखाना चालू झाला, ज्याचं यील्ड, म्हणजे चांगल्या निघणाऱ्या चिपचं प्रमाण, लवकरच आरसीएच्या पुढे गेलं. त्या कारखान्यातून १९८० मध्ये यूएमसी ही चिप कंपनी निघाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिंचू विज्ञान उद्यान उघडलं, दोन विद्यापीठं आणि ही संस्था यांच्या शेजारी. १९८७ च्या टीएसएमसीत सरकारी निधीचा वाटा ४८.३ टक्के आणि फिलिप्सचा २७.५ टक्के. फिलिप्सकडून भांडवलाइतकंच महत्त्वाचं आलं ते पेटंटचं छत्र. म्हणजे तिथे परकीय गुंतवणूक आली ती आधीच शिकलेल्या माणसांच्या कारखान्यात, अल्पमतात.

याच्या उलट आयर्लंड. तिथे कमी कराच्या जोरावर भरपूर कारखाने आले, आणि १९८२ च्या टेलेसिस अहवालानं सांगितलं की ते बहुतांशी जुळणीचं काम करतात, स्थानिक उद्योगाशी त्यांचा धागा जुळलेला नाही. १९८५ चा राष्ट्रीय दुवा कार्यक्रम त्यानंतरचा. १९८९ मध्ये इंटेल तिथल्या लेक्सलिप गावी आलं तेव्हा देश हा धडा शिकून बसला होता.

आणि कंपनी गेल्यावर काय उरतं, हे पाहायचं तर कोस्टा रिका. १९९६ मध्ये इंटेलनं तिथे यायचं ठरवलं, २०१४ मध्ये जुळणी-चाचणी विभाग आशियात हलवायचं जाहीर केलं आणि सुमारे १,५०० नोकऱ्या गेल्या. अभियांत्रिकी केंद्र राहिलं. दरम्यान वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांना क्लीनरूममध्ये काम केलेली, कागदोपत्री शिस्त अंगात मुरलेली माणसं मिळत गेली आणि ती निर्यात पुढे देशाची सगळ्यात मोठी झाली. इंटेलनं तो विभाग नंतर परत सुरू केला आणि २०२५ मध्ये पुन्हा हलवायचं जाहीर केलं. कोणत्याही वसुलीच्या कलमानं हे थांबलं नसतं. मुक्काम हलवणं हा या धंद्याचा स्वभाव आहे.

त्यामुळे अनुदानाच्या प्रत्येक शंभर रुपयांतले किती रुपये हलवता न येणाऱ्या गोष्टींवर गेले, तो आकडा टिपणात वेगळा दाखवा. तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, प्रयोगशाळा, शुद्धीकरण केंद्र हे एका बाजूला. यंत्रं दुसऱ्या बाजूला. यंत्रं कंटेनरमध्ये बसतात.

---

आराखडा (धागाकर्ता)

अपेक्षेपेक्षा खूपच मिळालं, आभार. करगणित यांचं उदाहरण तसंच्या तसं वापरतो. एकच राहिलं: जमीन विकावी की भाड्यानं द्यावी? गुंतवणूकदार मालकीच मागतात.

---

कलमकार

भाडेपट्टाच. सिंचूत आजही जमीन सरकारची आणि कंपन्या भाडेकरू आहेत, टीएसएमसीएवढी कंपनीसुद्धा. जगातला सगळ्यात महागडा उद्योग जर भाड्याच्या जमिनीवर उभा राहतो, तर 'मालकीशिवाय बँक कर्ज देत नाही' हे कारण चालत नाही. पट्टा गहाण ठेवायची परवानगी द्या, बँकेला तेवढं पुरतं. ठरलेल्या मुदतीत बांधकाम न झालेला भाग आपोआप परत येईल असं लिहा, आणि 'विस्तारासाठी राखीव' म्हणून अडवलेल्या जमिनीवर दरवर्षी वाढणारं शुल्क लावा. पट्टा दुसऱ्याला देताना होणाऱ्या नफ्यात हिस्सा घ्या, नाहीतर कंपनी चिप सोडून जमिनीचाच धंदा करते.

जुने_दप्तर यांचा मतभेद मान्य. पण कलमांच्या बाजूनं एक पुरावा त्यांच्याच उदाहरणातला. तैवानला चिप शिकवणाऱ्या त्याच आरसीएचा ताओयुआनमधला टीव्हीचा कारखाना १९९२ मध्ये बंद झाला, आणि १९९४ मध्ये त्याखालच्या भूजलात क्लोरीनयुक्त द्रावकं असल्याचं उघड झालं. कारखाना बंद होण्याआधीच मालकी आधी अमेरिकेच्या जीई कंपनीकडे, मग फ्रान्सच्या थॉमसनकडे गेली होती. कामगारांनी पालक कंपन्यांना जबाबदार धरण्यासाठी दावा लढवला, आणि तैवानच्या सर्वोच्च न्यायालयाचा त्यावरचा पहिला मोठा निकाल २०१८ मध्ये आला.

म्हणून ताबा देण्याआधी भूखंडाच्या चारही कडांना निरीक्षण विहिरी खोदा, माती आणि पाण्याचे नमुने दोन्ही बाजूंच्या सहीनं सीलबंद करून तपासा आणि तो अहवाल पट्ट्याला जोडा. मग दरवर्षी त्याच विहिरींतून नमुने घ्या. साफसफाईची अनामत बँक हमीच्या रूपात पालक कंपनीकडून घ्या, उपकंपनीकडून नको, आणि हमीची मुदत पट्टा संपल्यानंतर निदान पाच वर्षं ठेवा.